हमी देणाऱ्यांचं काय झालं? ‘डॉनी ब्रास्को’: पडद्यावरचं आणि मूळ प्रकरण

गुन्हेगारी टोळीत वेष पालटून शिरलेल्या पोलिसाचा चित्रपट बघताना आपला जीव बहुधा एकाच प्रश्नावर टांगलेला असतो: हा पकडला जाणार का? १९९७ सालचा ‘डॉनी ब्रास्को’ मला या प्रकारातल्या बहुतेक चित्रपटांपेक्षा वरचा वाटतो, कारण त्याला दुसऱ्याच प्रश्नाची काळजी आहे. हा पकडला गेला नाही, काम फत्ते करून सुखरूप घरी गेला, तर त्याला आत घेणाऱ्याचं काय होईल? माइक न्यूअलचं दिग्दर्शन, पॉल अटानासिओची पटकथा, गुप्त एजंटाच्या भूमिकेत जॉनी डेप आणि त्याला टोळीत घेऊन येणारा लेफ्टी रुजिएरो म्हणजे अल पचिनो.

चित्रपट खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे. पण या प्रश्नाचं उत्तर देताना त्याने मूळ घटनेत एक मोठी अदलाबदल केली आहे. चित्रपट पाहिलेल्यांपैकी अनेकांना ती माहीत नसते. ती कळली की शेवटचा प्रसंग निराळाच दिसू लागतो. त्यासाठी आधी मूळ प्रकरणात शिरायला हवं.

माणूस आणि सोंग

‘डॉनी ब्रास्को’ हे सोंग घेणारा खरा एजंट म्हणजे जोसेफ पिस्टोन. त्याचा जन्म १९३९ चा. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये, इटालियन-अमेरिकन वस्तीत तो वाढला. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करून १९६९ मध्ये एफबीआयमध्ये आला. त्याला अठरा चाकी ट्रक चालवता यायचा, म्हणून आधी फ्लोरिडात जड वाहनं आणि यंत्रं चोरणाऱ्या टोळीत त्याला घुसवलं गेलं. १९७६ च्या सुरुवातीला ती टोळी पकडली गेली आणि वरिष्ठांच्या लक्षात आलं की हा माणूस सोंग वठवू शकतो, आणि मुख्य म्हणजे दीर्घकाळ टिकवू शकतो.

पुढची योजना माफियात शिरण्याची नव्हतीच. न्यूयॉर्कमध्ये चोरीचा माल विकत घेणारे लोक शोधायचे आणि त्यांच्यामार्फत जमेल तेवढं वर सरकायचं, एवढाच बेत होता. मुदत साधारण सहा महिने. सप्टेंबर १९७६ मध्ये ‘डॉनी ब्रास्को’ जन्माला आला आणि जुलै १९८१ पर्यंत जगला.

सोंगासाठी धंदा निवडला तो जडजवाहिराच्या चोराचा. या निवडीत फार शहाणपण होतं. जवाहीर चोरणारा एकट्याने काम करतो, त्यामुळे जुन्या साथीदारांची नावं कुणी विचारत नाही. त्याला मारामारी करावी लागत नाही, त्यामुळे कुणाचे हातपाय मोडून दाखव अशी अपेक्षा त्याच्याकडून कमी असते. अंगावर पैसा दिसतो पण नोकरी दिसत नाही, याचंही उत्तर तयार असतं. पिस्टोनने त्यासाठी रत्नपारखीचं शिक्षण घेतलं. कागदोपत्री तो अनाथ होता, म्हणजे ‘तुझ्या घरच्यांना भेटू’ हा प्रश्नच निकालात. एफबीआयच्या कार्यालयातून त्याच्या नावाची नोंद पुसली गेली. कुणी फोन करून चौकशी केली तर या नावाचा माणूस आमच्याकडे नाही असंच उत्तर मिळायचं. घरी बायको आणि तीन मुली. तो नक्की काय करतो याचा त्यांना पत्ता नव्हता.

पहिले काही महिने त्याने काहीच केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. मॅनहॅटनमधल्या, टोळीवाल्यांची ऊठबस असलेल्या एका हॉटेलात संध्याकाळी जायचं, बारवर बसायचं, काहीतरी प्यायचं, निघायचं. कुणाला नाव विचारायचं नाही, कुणाच्या टेबलाकडे वळून बघायचं नाही. पुढे तिथल्या बॅकगॅमनच्या डावात बसू लागला. मग एके दिवशी बारवाल्याकडे थोडे दागिने दिले: गिऱ्हाईक मिळतंय का बघ. त्या जगात जो फार विचारतो तो पोलीस असतो आणि जो काही विचारत नाही त्याच्याबद्दल लोक स्वतःहून चौकशी करू लागतात. गुप्त कामाचं हे अंग चित्रपटात येत नाही. तिथे पहिल्याच भेटीत लेफ्टीची हिऱ्याची अंगठी खोटी असल्याचं डॉनी सांगतो आणि दोघांची गाडी सुरू होते. पटकथेला तेवढी घाई असतेच. पण खऱ्या पिस्टोनचं सगळ्यात मोठं कौशल्य त्या कंटाळवाण्या संध्याकाळींत होतं असं मला वाटतं.

हमीची साखळी

न्यूयॉर्कमध्ये माफियाची पाच घराणी. पिस्टोनचा पहिला शिरकाव ब्रुकलिनमधल्या कोलंबो घराण्याच्या एका टोळक्यात झाला. तिथून बोनानो घराण्याच्या अँथनी मिराशी ओळख झाली आणि मिरामार्फत बेंजामिन ऊर्फ लेफ्टी रुजिएरोशी. चित्रपटाने कोलंबोंचा भाग गाळला आणि मिरालाही. तिथे पहिली ओळख थेट लेफ्टीची. त्यामुळे गोष्ट सुटसुटीत झाली, पण साखळी दिसेनाशी झाली.

आणि साखळीतच सगळं आहे. बाहेरचा माणूस आत यायचा तर आतल्या, शपथ घेतलेल्या सदस्याने त्याची हमी द्यावी लागते: हा माझा माणूस, याचं काही वाईट निघालं तर जबाबदार मी. ही हमी शब्दांची असली तरी तारण म्हणून जीव लावलेला असतो. हमी दिलेला माणूस पोलीस निघाला तर त्याला आणणारा मरतो. आणणाऱ्याने त्याला वरच्या माणसापर्यंत नेलं असेल तर तोही संकटात येतो.

मग कुणी हमी देईलच कशाला? पैशासाठी. प्रत्येक सदस्य खालच्या माणसांकडून वाटा घेतो आणि वर आपल्या टोळक्याच्या म्होरक्याला, म्हणजे कॅप्टनला पोचवतो, कॅप्टन त्याच्याही वर. कमावून आणणारा माणूस हाताखाली असेल तर आपली पत वाढते. लेफ्टीला घोड्यांच्या शर्यतीचा नाद होता, डोक्यावर कायम कर्ज. अशा माणसाला सरळ वागणारा, तोंड बंद ठेवणारा, कुठूनतरी पैसे आणणारा डॉनी मिळाला. लेफ्टीचा जीव त्याच्यावर जडला हे खरंच आहे आणि पचिनोने ते विलक्षण दाखवलं आहे. पण त्या जिव्हाळ्याच्या मुळाशी गरज होती.

डॉनीवर हक्क कुणाचा यावरून भांडणंही झाली. मिरा तुरुंगातून सुटून आल्यावर म्हणाला, हा मुळात माझा माणूस. लेफ्टीने नकार दिला. प्रकरण वरिष्ठांच्या बैठकीत गेलं. मिराने पुढे डॉनीवर अमली पदार्थांच्या व्यवहारातले पैसे खाल्ल्याचा आरोपही केला, आणि असा आरोप शाबीत झाला असता तर शिक्षा एकच होती. त्या बैठकांमध्ये पिस्टोनला बसायची परवानगी नव्हती. आपण जगायचं की नाही हे दुसऱ्या खोलीत ठरतंय आणि आपल्या बाजूने लेफ्टी आणि मंडळी बोलतायत, अशी ती अवस्था. निर्णय डॉनीच्या बाजूने लागला. ज्यांना तो तुरुंगात घालणार होता त्यांनीच त्याला वाचवलं.

फ्लोरिडातल्या बोटीचा प्रसंग चित्रपटातही आहे आणि तो खराखुरा घडलेला आहे. टोळीवर छाप पाडायला डॉनीने एका आलिशान बोटीवर सहलीची सोय केली. बोट एफबीआयची. तीच बोट एफबीआयने ‘ॲबस्कॅम’ कारवाईत वापरली होती, ज्यात खोट्या अरब शेखाच्या नावाने लाचखोर राजकारण्यांना जाळ्यात ओढलं गेलं. पुढे ते प्रकरण फुटलं, बोटीचा फोटो छापून आला आणि लेफ्टीने तो पाहिला. ही तीच बोट, असं त्याने डॉनीला तोंडावर सांगितलं. डॉनीने वेळ मारून नेली आणि लेफ्टीने विषय सोडला.

का सोडला असेल? लेफ्टी भोळा नव्हता. आयुष्य त्याने खुनाखुनीच्या जगात काढलं होतं. माझ्या मते उत्तर हमीतच आहे. डॉनी खोटा असेल तर सगळ्यात आधी लेफ्टी मरणार होता. म्हणजे डॉनीवर संशय घेणं हे स्वतःच्या मृत्यूच्या कागदावर सही करण्यासारखं. विश्वास जितका जुना, तितकी तो मोडण्याची किंमत जास्त. पहिल्या वर्षी संशय आला असता तर लेफ्टीने त्याला गोळी घालून विषय संपवला असता. चौथ्या वर्षी त्याला ते परवडणारं नव्हतं. हमी देणारा माणूस काही काळाने स्वतःच सोंगाचा पहारेकरी बनतो, आणि एफबीआयला याहून चांगलं संरक्षण देता आलं नसतं.

१९८१ चा उन्हाळा

१२ जुलै १९७९ रोजी ब्रुकलिनमधल्या एका रेस्टॉरंटच्या मागच्या अंगणात, बोनानो घराण्याची सूत्रं हातात असलेला कार्माइन गलान्टे जेवणानंतर मारला गेला. बोनानो घराण्यात उलथापालथ झाली आणि डॉमिनिक ऊर्फ सनी ब्लॅक नापोलितानो कॅप्टन म्हणून वर आला. लेफ्टी त्याच्या हाताखाली गेला आणि लेफ्टीबरोबर डॉनी. विल्यम्सबर्गमधला मोशन लाउंज हा सनी ब्लॅकचा अड्डा. गच्चीवर त्याने शर्यतीची कबुतरं पाळली होती. महत्त्वाचं बोलायचं तर तो डॉनीला वर गच्चीवर न्यायचा. कबुतरांना दाणे घालता घालता घराण्यातली आतली भांडणं सांगायचा. ऐकणारा एजंट टिपणं ठेवत नसे. तो डोक्यात साठवायचा आणि संधी मिळताच फोनवर आपल्या संपर्क अधिकाऱ्याला सांगायचा. अंगावर रेकॉर्डरही तो क्वचितच बाळगायचा, कारण सापडला तर तिथेच खेळ खलास.

५ मे १९८१ रोजी विरोधी गटातले तीन कॅप्टन, अल्फान्स इंदेलिकातो, फिलिप जॅकोने आणि डॉमिनिक ट्रिंचेरा, बैठकीच्या बहाण्याने बोलावून मारले गेले. चित्रपटात डॉनी या हत्याकांडाच्या जवळपास दिसतो, प्रत्यक्षात तो तिथे नव्हता. पण त्यानंतर जे झालं ते जास्त गंभीर होतं. इंदेलिकातोचा मुलगा ब्रुनो त्या दिवशी आलाच नाही आणि निसटला. त्याला शोधून संपवायची सुपारी सनी ब्लॅकने डॉनीला दिली. काम झालं की डॉनीचं नाव सदस्यत्वासाठी पुढे करायचं, हेही ठरलेलं.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे हे वळण. पिस्टोनला आणखी थांबायचं होतं. एफबीआयचा एजंट माफियाचा शपथ घेतलेला सदस्य झाला असता तर ‘आमच्यात कुणी शिरूच शकत नाही’ ही त्या संघटनेची सगळी मिजास उतरली असती. वरिष्ठांची बाजूही तितकीच भक्कम होती. कायद्याचा माणूस खून करू शकत नाही, हे उघड आहे. सुपारी घेतल्याचं नाटक किती दिवस चालणार? ब्रुनो डॉनीसमोर टोळीच्या दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीत सापडला तर? आणि दोन गटांच्या मारामारीत डॉनीच मारला गेला तर पाच वर्षांची साक्ष त्याच्याबरोबर गेली असती. त्याने टेपवर थोडं आणि डोक्यात फार साठवलं होतं. पुरावा तो स्वतःच होता.

वरिष्ठांचा निर्णय मला बरोबर वाटतो. पिस्टोनचा आग्रहही समजतो, पण त्या टप्प्यावर त्याचा अंदाज आतल्या माणसाचा झाला होता, आणि म्हणूनच निर्णय बाहेरच्यांनी घ्यायला हवा होता. २६ जुलै १९८१ रोजी त्याला बाहेर काढलं गेलं.

दोन दिवसांनी एफबीआयचे एजंट मोशन लाउंजमध्ये गेले. त्यांनी सनी ब्लॅकला एक फोटो दाखवला: डॉनी, त्यांच्याच शेजारी उभा. हा आमचा एजंट आहे. चित्रपटातही हा प्रसंग आहे आणि तो बघताना वाटतं की हे जखमेवर मीठ चोळणं झालं. पण त्यामागे हिशेब होता. डॉनी नुसता गायब झाला असता तर विरोधी गटाने त्याला मारलं असं समजून नवे खून पडले असते. किंवा तो फुटला असं समजून त्याचा शोध सुरू झाला असता. खबऱ्याला मारणं हा त्या जगाचा रिवाज, पण केंद्रीय एजंटाला मारलं तर सरकार सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागेल, हे बड्यांना कळत होतं. तरीही पिस्टोनच्या डोक्यावर पाच लाख डॉलरचं बक्षीस लागलंच, आणि एफबीआयला घराण्यांच्या प्रमुखांना गाठून समज द्यावी लागली.

फोटो दाखवण्यामागे आणखी एक अर्थ होता: आमच्याकडे ये, वाचशील. सनी ब्लॅकने ती वाट घेतली नाही. पळालाही नाही.

कोण गेलं, कोण राहिलं

१७ ऑगस्ट १९८१ रोजी सनी ब्लॅकला एका बैठकीचं बोलावणं आलं. अशा बोलावण्याचा अर्थ त्याला कळत होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच्याच गटाने तीन कॅप्टनना असंच बोलावलं होतं. निघण्यापूर्वी त्याने मोशन लाउंजमधल्या आपल्या मर्जीतल्या बारवाल्याजवळ अंगावरचे दागिने उतरवून दिले. घराच्या किल्ल्याही दिल्या, कबुतरांकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून. त्या बैठकीतून तो परतला नाही. साधारण वर्षभराने स्टेटन आयलंडवर त्याचा मृतदेह सापडला. हात तोडलेले होते. डॉनीबद्दल त्याच्या मनात राग नव्हता, त्याने त्याचं काम केलं असं तो जवळच्या व्यक्तीपाशी बोलला होता, हे नंतर पुढे आलं.

पहिली ओळख करून देणारा मिरा फेब्रुवारी १९८२ मध्ये मॅनहॅटनमध्ये मारला गेला.

आणि लेफ्टी? ऑगस्ट संपता संपता एफबीआयने त्याला अटक केली, कारण त्यालाही मारायचं ठरल्याची खबर होती. बेड्यांनी त्याचा जीव वाचवला. १५ वर्षांची शिक्षा झाली, १९९२ मध्ये तो सुटला आणि १९९४ मध्ये कर्करोगाने गेला. शेवटपर्यंत तो सरकारी साक्षीदार झाला नाही.

आता चित्रपटाचा शेवट आठवा. लेफ्टीला बोलावणं येतं. तो घड्याळ काढतो, अंगठी काढतो, पैसे काढतो आणि टेबलाच्या खणात ठेवतो. खण बंद करतो, निघतो, परत येतो आणि खण अर्धा उघडा ठेवतो, बायकोला सहज दिसावा म्हणून. पचिनोच्या कारकिर्दीतला हा एक उत्तम प्रसंग आहे. एकही मोठा शब्द नाही, चेहऱ्यावर फारसं काही नाही, आणि तरी गळा दाटतो.

ती कृती मुळात सनी ब्लॅकची. पटकथेने एका माणसाचा शेवट उचलून दुसऱ्याला दिला. का, हे समजण्यासारखं आहे. दोन तास आपण डॉनी आणि लेफ्टीची दोस्ती बघतोय, तिची किंमत लेफ्टीनेच चुकवायला हवी. लेफ्टी तुरुंगात जाऊन वाचला असं दाखवलं असतं तर प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेला असता, आणि तो परिणाम प्रकरणाच्या आशयाशी बेइमानी करणारा ठरला असता. या अर्थाने बदल न्याय्य आहे. हमी देणाऱ्याला जीव द्यावा लागतो हे सत्य जपण्यासाठी तपशील बदलला.

पण या बदलात काहीतरी हरवलं आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते. सनी ब्लॅकचा मृत्यू पडद्यावर नाही, त्यामुळे प्रश्न ‘मित्राचा विश्वासघात’ इतका घरगुती होऊन बसतो. खऱ्या प्रकरणात मेला तो कॅप्टन. त्याला आधी सत्य सांगितलं गेलं होतं, सुटकेची वाट दाखवली गेली होती, आणि तरी तो आपल्या जगाच्या नियमाने मरायला गेला. लेफ्टीच्या बाबतीत दया येते. सनी ब्लॅकच्या बाबतीत दयेबरोबर दुसरंही काही येतं: हा स्वतः खुनी, तीन माणसांच्या हत्येत सामील, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नियम मोडायला तयार नाही. एवढा गुंतागुंतीचा माणूस पडद्यावर नुसता धाक दाखवण्यापुरता उरतो. मायकल मॅडसनने तो धाक उत्तम उभा केला आहे, पण गच्चीवरचा सनी ब्लॅक त्याच्या वाट्याला आला नाही.

पिस्टोनने १९८२ पासून साक्षी द्यायला सुरुवात केली. त्याच्या कामातून दोनशेहून जास्त लोकांवर आरोप ठेवले गेले आणि शंभराहून अधिक दोषी ठरले. सरकारने त्याला पदक आणि पाचशे डॉलर दिले. चित्रपटातला तो रूक्ष समारंभ काल्पनिक नाही. १९८६ मध्ये त्याने एफबीआय सोडली. कुटुंब नाव बदलून राहत आलं आहे.

बोनानो घराण्याला एजंट आत घेतल्याची शिक्षा म्हणून माफियाच्या कमिशनमधून, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांच्या मंडळातून, बाहेर काढण्यात आलं. परिणाम उलटा झाला. १९८५-८६ मध्ये त्याच कमिशनवर मोठा खटला चालला, इतर घराण्यांपैकी तिघांच्या प्रमुखांना शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा झाल्या, आणि बहिष्कृत बोनानो त्या तडाख्यातून तुलनेने कमी नुकसानीत सुटले. घराणं पुन्हा उभं केलं ते जोसेफ मसिनोने. सनी ब्लॅकला मारण्याचा हुकूम त्याचा होता. एफबीआयला आत घेणाऱ्याने मेलंच पाहिजे, हा त्याचा न्याय. २००४ मध्ये सनी ब्लॅकच्या आणि त्या तीन कॅप्टनच्या खुनांसह अनेक गुन्ह्यांत तो दोषी ठरला. त्यानंतर तो सरकारी साक्षीदार झाला, आणि न्यूयॉर्कच्या घराण्याचा गादीवर असताना फुटलेला तो पहिला प्रमुख ठरला.